प्रवाळांची आणेवारी

परळी तालुक्यातील आमच्या सिरसाळ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आमच्या वर्गातील पुष्कळ मुलांनी समुद्र अजून पाहिलेलाही नाही. तरीही समुद्राच्या तळाशी शास्त्रज्ञ जे एक काम करतात, तसेच काम आमच्या शिवारात दरवर्षी होते. ते काम म्हणजे पिकाची आणेवारी. हल्ली तिला पैसेवारी म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, आणेवारी कशी काढतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. पीक कापणीला आले, की गावातील काही शेते निवडली जातात. त्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखतात. तेवढ्याच जागेतील ज्वारी किंवा सोयाबीन कापतात, मळतात आणि दाणे तोलतात. त्या वजनावरून साऱ्या गावाच्या पिकाचा अंदाज करतात. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली, तर ती टंचाईची खूण मानली जाते. चौकोन मुद्दाम चांगल्या पिकात आखला, तर गाव संपन्न दिसेल आणि गरजू शेतकऱ्याला मदत मिळणार नाही. मुद्दाम वाळलेल्या पिकात आखला, तर तीही लबाडीच होईल. म्हणून कोणाचे शेत आणि कोणता कोपरा घ्यायचा, हे आपल्या मर्जीने ठरवत नाहीत. त्यासाठी नियम असतो.

समुद्राच्या तळाशीही अशी राने असतात. ती वनस्पतींची नसून प्राण्यांची असतात. त्यांना प्रवाळभित्ती म्हणतात. त्यांची आणेवारी कशी काढतात, ते या पाठात पाहू.

प्रवाळ म्हणजे पोवळे. उर्दूत आपण त्याला मूंगा किंवा मरजान म्हणतो. अंगठीत बसवलेला लाल मूंगा तुम्ही पाहिला असेल. तो प्रवाळच असतो, पण वेगळ्या जातीचा. प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जाती निराळ्या असतात. प्रवाळ हा एक लहानसा प्राणी आहे. त्याचे शरीर मऊ पिशवीसारखे असते. पिशवीच्या तोंडाभोवती बारीक बारीक सोंडा असतात. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो स्वतःभोवती कठीण घर बांधतो. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या घरांचा मोठा गोळा, पंखा किंवा फांदी तयार होते. तिला वसाहत म्हणतात. जुने जीव मरतात, त्यांच्या घरांवर नवे जीव घरे बांधतात. शेकडो वर्षांत त्यातून भिंतीसारखे खडक उभे राहतात. गोळ्यासारखी वाढणारी काही प्रवाळे वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ज्या वसाहतीवर पाय ठेवून आपण क्षणात ती मोडू, ती तयार व्हायला एखाद्या माणसाचे आयुष्य लागलेले असते.

प्रवाळाच्या शरीरात अतिशय सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला राहायला जागा देते. प्रवाळाला बराचसा रंगही या भाडेकरूकडूनच मिळतो. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जातींचे जीव आपल्या आयुष्याचा काही काळ तरी तेथे घालवतात. माशांना तेथे अन्न मिळते, लपायला कपारी मिळतात आणि पिलांना वाढायला जागा मिळते. म्हणून प्रवाळाच्या आरोग्याशी मासेमाराच्या घरातील चूलही जोडलेली आहे.

महाराष्ट्रात प्रवाळे पाहायची असतील, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणला जावे लागते. मालवणच्या समोर, समुद्रातील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला बांधला. त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. या किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात, खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. मोठी ओहोटी लागली, की त्यांतील काही पाण्याबाहेरही डोकावतात. १९८७ साली शासनाने येथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे.

या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळे आहेत, हे मच्छीमारांना माहीत असेलच. परंतु शास्त्राच्या दप्तरात त्यांची नोंद करणाऱ्यांमध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांचे नाव घ्यावे लागते. ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळे आहेत, असे सांगणारा लेख त्यांनी आणि एम. व्ही. एम. वफार यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. हेच डॉ. कासिम पुढे १९८१-८२ साली अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते झाले. त्यांचा जन्म अलाहाबादचा. तेही समुद्रापासून दूरचेच गाव! गाव समुद्रापासून दूर आहे, म्हणून समुद्राचे शास्त्र आपल्याला परके, असे समजण्याचे कारण नाही.

प्रवाळे आहेत, एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो. ती निरोगी आहेत की आजारी? तुम्ही म्हणाल, पाण्यात डोकावून पाहिले म्हणजे कळेल. पण येथे डोळे फसतात. निरोगी प्रवाळ पुष्कळदा मळकट तपकिरी असते. नवख्या माणसाला ते दगडच वाटते आणि तो त्यावर खुशाल उभा राहतो. उलट, आजारी प्रवाळ पांढरेशुभ्र आणि सुंदर दिसू शकते. माशांचेही तसेच. काही पर्यटनस्थळी माशांना पाव टाकतात. माशांचा थवा जमतो. पाहणाऱ्याला वाटते, येथे मासे किती! खरे म्हणजे ते पावासाठी जमलेले असतात. सणाच्या दिवशी मिठाईच्या दुकानापुढची गर्दी पाहून गावाची लोकसंख्या सांगण्यासारखेच ते झाले. म्हणून शास्त्रज्ञ नुसते पाहत नाहीत, ते मोजतात.

मोजण्याची एक सोपी रीत पाहा. पाणबुडे तळाशी जाऊन मोजपट्टी सरळ रेषेत अंथरतात. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहत जातात. पट्टीच्या खाली काय काय आहे आणि ते किती लांबीचे आहे, ते पाण्यात न भिजणाऱ्या पाटीवर पेन्सिलीने लिहितात. समजा, पट्टी २० मीटर लांब आहे. तिच्याखाली ६ मीटर जिवंत प्रवाळ, ५ मीटर शेवाळाने झाकलेले मेलेले प्रवाळ, ५ मीटर उघडा खडक आणि ४ मीटर वाळू भरली. वीस मीटरमधील सहा मीटर म्हणजे ३० टक्के. या ठिकाणी जिवंत प्रवाळांचे आच्छादन ३० टक्के आहे, असे म्हणतात. एका पट्टीवर भागत नाही. निरनिराळ्या जागी अनेक पट्ट्या टाकून सरासरी काढावी लागते. काही वेळा पट्टीऐवजी चौकट ठेवतात आणि तिच्या आतील भागाचे छायाचित्र घेतात. शेतातील चौकोनाची ही सख्खी बहीणच म्हणायची.

दुसरी तपासणी रंगाची. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळाचे व त्याच्या भाडेकरूचे बिनसते. प्रवाळ आपल्या शरीरातील शेवाळ बाहेर टाकते. त्याचा रंग जातो आणि आतील चुन्याचे पांढरे घर दिसू लागते. याला विरंजन म्हणतात. रंग किती उतरला, हे ओळखण्यासाठी गडद ते फिकट छटा छापलेले पत्रक प्रवाळाजवळ धरतात आणि जुळणारी छटा लिहून घेतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते, ते उपाशी असते. पाणी लवकर निवळले आणि थंड झाले, तर शेवाळ परत येते व प्रवाळ सावरते. उष्णता टिकली, तर मात्र ते मरते. म्हणून अशा जागी काही आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. ताप आलेल्या रोग्याला वैद्य एकदाच पाहून निरोप देत नाही, तसेच हे आहे.

तिसरी मोजणी माशांची. प्रवाळभित्ती हे जर रान असेल, तर मासे त्यातील राबणारी माणसे आहेत. समजा, पट्टी ५० मीटर लांब अंथरली. तिच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर धरले, तर २५० चौरस मीटरचा पट्टा होतो. पट्टी टाकताना मासे बिचकतात आणि पळतात. म्हणून पाणबुडा थोडा वेळ थांबतो. मासे परतले, की तो सावकाश पोहत पट्ट्यातील मासे मोजतो. मासा कोणत्या जातीचा आणि किती लांबीचा, हेही लिहितो. पाण्याखाली प्रत्येक वस्तू खऱ्या आकारापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. त्यामुळे हे काम शिकणाऱ्याला आधी ठरावीक लांबीच्या काठ्या पाण्यात ठेवून अंदाजाचा सराव करावा लागतो. लांबीला एवढे महत्त्व का? एकाच जातीचा मासा दुप्पट लांब झाला, तर त्याचे वजन सुमारे आठपट होते. नुसत्या संख्येने ही गोष्ट कळत नाही.

प्रत्येक माशाची साक्ष वेगळी असते. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडकावरील शेवाळ खरवडतो. त्यामुळे प्रवाळाच्या पिलांना चिकटायला स्वच्छ जागा मिळते. असे शेवाळ खाणारे मासे कमी झाले, तर शेवाळ वाढून प्रवाळांना गुदमरवते. फुलपाखरू माशाच्या पुष्कळ जाती प्रवाळाचे जीवच खातात. जिवंत प्रवाळ घटले, की त्यांचे अन्न तुटते आणि हे मासे दिसेनासे होऊ लागतात. गोब्रा हा मोठा शिकारी मासा. तो बाजारात चांगल्या भावाने विकला जातो. लहान मासे भरपूर, पण मोठा गोब्रा एकही नाही, असे आढळले तर तेथे मासेमारी जास्त झाली असावी, अशी शंका येते. अशा रीतीने कोण हजर आहे आणि कोण गैरहजर, यावरून रानाची प्रकृती कळते. आपल्या वर्गातील हजेरीपट पाहा. एखादा मुलगा महिनाभर दिसला नाही, तर त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले असतील, हे गुरुजी ओळखतात. माशांच्या हजेरीतूनही असाच अर्थ निघतो.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. एखाद्या ठिकाणी जिवंत प्रवाळ ३० टक्के भरले, तर ते चांगले की वाईट? एका मोजणीवरून याचे उत्तर देता येत नाही. लक्षद्वीपचे पाणी नितळ आहे. मालवणला पावसाळ्यात नद्या आणि खाड्या गढूळ पाणी आणतात. तेथे प्रवाळे मुळातच कठीण परिस्थितीत जगतात. कोरडवाहू हरभऱ्याची तुलना पाटाच्या पाण्यावरील उसाशी करून चालेल का? म्हणून प्रत्येक जागेची तुलना तिच्याच मागील वर्षांशी करायची. त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे मोजायचे.

असे केल्याने काय कळते, त्याचे उदाहरण लक्षद्वीपचे आहे. ही बेटे प्रवाळांवरच उभी आहेत. तेथील प्रवाळभित्तींची नोंद संशोधकांनी १९९८ पासून ठेवली. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापला आणि प्रवाळे पांढरी पडली. दर वेळी काही मेली, काही सावरली. त्या त्या वेळी पाहणाऱ्याला वाटले असेल, की बेटे पुन्हा पूर्वीसारखी होतील. पण हिशेब वेगळेच सांगत होता. १९९८ साली सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळ २०२२ साली सुमारे १९ टक्क्यांवर आले. चोवीस वर्षांत जवळजवळ निम्मे रान गेले. १९९८ नंतर जन्मलेल्या मुलाला आजची प्रवाळभित्तीच नेहमीची वाटेल. त्याच्या डोळ्यांना न दिसणारे नुकसान वहीतील आकड्यांनी दाखवले.

मालवणलाही ही झळ लागली आहे. २०१४ ते २०१९ या काळात तेथे प्रवाळे पुन्हा पुन्हा पांढरी पडल्याच्या नोंदी गोव्याच्या शास्त्रज्ञांनी केल्या. जगभर हेच चालले आहे. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवणाऱ्या उष्णतेचा ताप सोसावा लागला. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत जो वायू साठतो, त्यामुळे पृथ्वी तापते आणि समुद्रही तापतो. तो कोळसा मालवणच्या मच्छीमाराने जाळलेला नाही, पण फटका त्याला बसतो.

काही कारणे मात्र जवळची आहेत. नौकांचे नांगर प्रवाळांवर पडतात. हौशी पाणबुडे पायातील रबरी पंख्यांनी प्रवाळे तोडतात किंवा छायाचित्रासाठी त्यांना धरून उभे राहतात. पर्यटकांच्या पाणबुडीमुळे मालवणच्या प्रवाळांची होणारी मोडतोड राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजली आणि २०२० साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. भारतात अशी प्रवाळे तोडणे हा गुन्हा आहे. २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना कायद्याने वाघाइतकेच संरक्षण दिले आहे.

कायदा झाला म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, असे नाही. मालवणला अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळे टाकले, ते बंद झाले तर मुलाबाळांना काय खाऊ घालायचे, ही त्यांची भीती होती. ती भीती खोटी म्हणता येणार नाही. आज तेथील अनेक तरुण पर्यटकांना प्रवाळे दाखवून पोट भरतात. प्रवाळ मेले, तर त्यांचा रोजगार जाईल. पर्यटक बंद केले, तरी रोजगार जाईल. अशा वेळी कोणाचा आवाज मोठा आहे, यावर निर्णय होऊ नये. कोणत्या जागी किती मोडतोड झाली, कोठे मासे वाढले, कोठे घटले, याचा खरा हिशेब सर्वांसमोर असला, तर मार्ग काढता येतो. नांगर टाकण्याऐवजी पक्क्या बोयाला नौका बांधता येते. एखादी जागा काही काळ विश्रांतीसाठी सोडता येते. आणि त्याचा उपयोग झाला की नाही, हे पुढच्या मोजणीत दिसते.

मित्रांनो, आणेवारी काढणारा माणूस पाऊस पाडू शकत नाही. प्रवाळे मोजणारा शास्त्रज्ञही एकटा समुद्र थंड करू शकत नाही. पण दोघांच्या हातात एक अमानत असते. जे आहे ते तसेच लिहायचे, कमी नाही आणि जास्त नाही. चुकीच्या आणेवारीने शेतकऱ्याचे जे नुकसान होते, तेच चुकीच्या मोजणीने समुद्राचे आणि त्याच्यावर जगणाऱ्या माणसांचे होते. ज्या जिवांना बोलता येत नाही, त्यांची बाजू निदान वहीत तरी खरी लिहिलेली असावी.

शब्दार्थ

आणेवारी – पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज
शिवार – गावाची शेतजमीन
टंचाई – कमतरता, तंगी
वसाहत – एकत्र राहणाऱ्यांची वस्ती, बस्ती
कपार – खडकातील खाच
आच्छादन – झाकलेला भाग
विरंजन – रंग उडणे
नितळ – स्वच्छ, साफ
कोरडवाहू – फक्त पावसाच्या पाण्यावरची शेती
अमानत – विश्वासाने सोपवलेली गोष्ट

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रवाळाला उर्दूत काय म्हणतात?
(आ) मालवण सागरी अभयारण्य केव्हा जाहीर झाले?
(इ) भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते कोण होते?
(ई) पोपटमासा काय खरवडतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पाणी फार तापल्यावर प्रवाळ पांढरे पडते.
(आ) मासे मोजण्यापूर्वी पाणबुडा थोडा वेळ थांबतो.
(इ) मालवणच्या प्रवाळांची तुलना लक्षद्वीपच्या प्रवाळांशी करू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पिकाची आणेवारी आणि प्रवाळांची मोजणी यांत कोणते साम्य आहे?
(आ) 'येथे डोळे फसतात', असे लेखक का म्हणतो?
(इ) मालवणच्या मच्छीमारांची भीती तुम्हांला पटते का? तुमचे मत लिहा.

प्र. ४. हिशेब करा.
२० मीटर लांबीच्या पट्टीखाली ५ मीटर जिवंत प्रवाळ आढळले. जिवंत प्रवाळांचे आच्छादन किती टक्के?

प्र. ५. विरुद्ध अर्थाचे शब्द पाठातून शोधून लिहा.
आजारी, खोल, भरती, जवळ, गढूळ

उपक्रम : शाळेच्या मैदानावर दोरी सरळ अंथरा. तिच्याखाली किती लांबीचे गवत, किती माती आणि किती दगड आहेत, ते मोजून लिहा. हीच मोजणी त्याच जागी पावसाळ्यात, हिवाळ्यात व उन्हाळ्यात करा आणि तिन्ही वेळचे आकडे वर्गात वाचून दाखवा.